पडद्यावरची खोली

२४ नोव्हेंबर, सोमवार

कोर्स मंजूर झाला! दोन वर्षं मागे लागले होते. एस.वाय.बी.एस्सी.च्या मुलांसाठी, दोन क्रेडिटचा, 'संगणकावर प्रथिनांची रचना'. सही करताना प्राचार्य म्हणाले, "रोझलिन मॅडम, निवृत्ती दिसायला लागली, आता ही उठाठेव कशाला?" मी म्हटलं, "सर, इतकी वर्षं मी फळ्यावर स्प्रिंग काढून तिला अल्फा हेलिक्स म्हणतेय. मुलं पेपरात स्प्रिंग काढतात आणि मी मार्क देते. प्रथिन कसं असतं ते ना त्यांनी बघितलंय, ना मी धड दाखवलंय."

ते हसले, पण अट घातलीच. मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येतील. त्यांचा शेरा चांगला आला तर कोर्स पुढच्या वर्षी चालू, नाहीतर संगणकांची खोली अकाउंट्सवाल्यांना. त्यांचा त्या खोलीवर कधीपासून डोळा आहे.

मदतीला सुमेध. तासिका तत्त्वावर आहे, मनवेलपाड्याहून येतो, बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. आमच्या मुलीपेक्षा, एस्थरपेक्षा, थोडाच मोठा. हुशार आहे. जरा जास्तच.

घरी आले तेव्हा मार्सेल सोनचाफ्याच्या पुड्या बांधत होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आता घरीपण कॉम्प्युटर." बास, नवऱ्याचा आनंद संपला. (घरी आम्ही आमच्या वटार गावच्या बोलीत बोलतो. ती लिहायला घेतली की माझा हात अडतो, म्हणून इथे मार्सेलही शाळेच्या मराठीत बोलेल.)

१ डिसेंबर, सोमवार

पहिलं प्रॅक्टिकल. निम्मे संगणक सुरूच होईनात. सुमेधने कुठल्यातरी वायरी उपटून दुसरीकडे लावल्या आणि बरेचसे सुरू झाले.

वाडीतली कच्ची पपई नेली होती. सर्वांसमोर तिला चाकूने चरा पाडला. पांढरा चीक ओघळला. विचारलं, "हे घरी कशाला वापरतात?" ॲल्रॉय लगेच म्हणाला, "मम्मी मटणाला पपई लावते. लवकर शिजतं." "का शिजतं?" मी पुढे विचारलं. मग मी पडद्यावर पपेन उघडलं. चिकातलं प्रथिन हेच, दुसऱ्या प्रथिनांना कापणारं. रंगीत फितीची गुंडाळी दिसली तशी मागची मुलं उठून पुढे आली. मी दाखवलं, "हे दोन भाग आहेत, आणि मध्ये ही खाच. मटणाचं प्रथिन ह्या खाचेत येऊन बसतं आणि तिथे कापलं जातं."

उन्नती नावाची एक मुलगी आहे, जूचंद्रची. अंगाने बारीक, बोलते मोजकं. ती म्हणाली, "मॅडम, ती खरंच खाच आहे की नुसती काळी रेघ? मला सपाटच दिसतंय." मी चिडले. प्रथिन हळूहळू फिरवलं. "आता दिसली," ती म्हणाली.

तास छान झाला. एकच खटकलं, डावीकडच्या रांगेतली मुलं थंड आहेत. कोणी हात वर करत नाही. आणि तास संपल्यावर त्याच रांगेतली अश्लेषा येऊन म्हणते, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे बघतच नाही." हात वर केला तर बघेन ना!

९ डिसेंबर, मंगळवार

फाटकातून स्कूटर बाहेर काढताना डाव्या बाजूने भिंतीला घासली. मार्सेल म्हणाला, "तीच भिंत, तीच स्कूटर, इतकी वर्षं जातेस." फाटक अरुंद आहे हे तो मान्य करत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सुमेधचं काय करावं कळत नाही. मी शिकवत असते आणि तो येऊन माझ्या डाव्या हाताला उभा राहतो. कोपऱ्यात जागा आहे, मागे जागा आहे, पण नाही. मध्येच हळूच सांगतो, "मॅडम, अश्लेषाला काही विचारायचंय." माझा वर्ग मला दाखवतो! वर आज बघते तर फळ्यासमोरच्या चौथऱ्याच्या कडेला पिवळी चिकटपट्टी लावून ठेवलेली. मी विचारलं, "ही बालवाडी आहे का?" तर म्हणे, "पायरी दिसत नाही, मॅडम. कोणीतरी पडेल."

कोणीही पडलेलं नाही. मी एकदा अडखळले होते, तेही वायरीत.

मला सरळ दिसतंय ते असं: हा कायम नोकरीच्या शोधात आहे, कोर्स चालला तर कोणाचा म्हणायचा हा प्रश्न येणार, आणि तो आत्तापासून जागा धरून ठेवतोय. मुलं त्याला आवडीने विचारतात. विचारू देत. पण माऊस माझ्या हातात राहील.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल नाताळ. चर्चमध्ये मिस्सा, मग माझ्या भावाचं, मायकलचं कुटुंब जेवायला. एस्थर पुण्याहून आली आहे. घर भरलेलं छान वाटतं.

मायकलने वाइनचा ग्लास ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर, सरळ हवेत. फुटला. पोरं हसली, एस्थर म्हणाली, "मामाला चढली!" तो बिचारा शपथेवर सांगतोय की एकच घोट घेतला. मी सावरायला गेले आणि चहा कपाऐवजी बशीत ओतला. मग तर हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी. मार्सेल म्हणाला, "दोघं बहीणभाऊ आईवर गेले." आई शेवटी शेवटी भिंत चाचपत चालायची. दिसेनासं झालं होतं तिला. म्हातारपण, दुसरं काय. तेव्हा वाटायचं सत्तरी म्हणजे फारच.

८ जानेवारी, गुरुवार

आज मुलांना चकित करायचं ठरवलं होतं आणि केलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. एकाच प्रथिनाची दोन चित्रं, एक लाल, एक निळसर, किंचित बाजूला सरकवून एकावर एक दाखवायची. एका डोळ्यावर लाल कागद, दुसऱ्यावर निळा कागद असलेला चष्मा घातला की प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र जातं आणि प्रथिन पडद्याबाहेर येऊन हवेत तरंगतं. तयार चष्मे मागवायला वेळ नव्हता. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा आणि स्टेशनजवळच्या दुकानातला जिलेटीन पेपर आणून मुलांनीच चष्मे केले. उन्नतीचं कापणं इतकं सफाईदार की मी तिलाच सगळे चष्मे तपासायला बसवलं.

सुमेधने दिवे घालवले. मी बटण दाबलं. आणि काय आरडाओरडा! "बाहेर आलं!" "अरे, खाच बघ, बोट जाईल आत!" ॲल्रॉय खरंच हात पुढे करून हवेत बोट फिरवत होता.

मला मात्र काही दिसलं नाही. निळं निळं एक चित्र, सपाट. आपला जिलेटीन पेपर चुरगळला असणार. मुलांच्या नादात मीही म्हटलं, "सुंदर!" उन्नती माझ्याकडे बघत होती. मुलांना आपण खोटं बोललेलं कसं कळतं कोण जाणे.

१२ जानेवारी, सोमवार

लिहायचं आहे, पण हात थांबतोय. तरी क्रमाने लिहिते.

मी नवा कागद आणला होता. वर्ग सुटल्यावर मीच नवा चष्मा केला आणि घातला. तेच. सपाट, निळं. उन्नती चष्मे आवरत होती, सुमेध संगणक बंद करत होता. मी म्हटलं, "हा लाल कागदच वाईट. दुकानदाराला परत करते." उन्नतीने माझा चष्मा मागितला, घातला आणि म्हणाली, "मॅडम, ह्यातून मला मस्त दिसतंय."

मग मी जे मुलांना सांगते ते केलं. शंका आली तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. चष्मा उलटा घातला. आता लाल उजवीकडे आणि निळा डावीकडे. दोष लाल कागदात असेल तर आता लाल चित्र दिसणार नाही.

लालच दिसलं. निळं गेलं.

सुमेध म्हणाला, "मॅडम, उजवा डोळा झाका." आवाज इतका हलका की मला रागही आला नाही. मी चष्मा काढून तळहाताने उजवा डोळा झाकला.

पपेन गेलं. पडदा गेला. उन्नती गेली, सुमेध गेला. मधोमध एक लहानसा तुकडा उरला, त्यात एका हेलिक्सचं टोक. बाकी काळं नव्हतं. काळं असतं तर आधीच कळलं असतं. बाकी काहीच नव्हतं, जसं आपल्या पाठीमागे आपल्याला काही दिसत नाही तसं.

हात काढला. सगळं परत आलं. जणू काही झालंच नव्हतं.

मी म्हणाले, "कागद चांगला आहे." सुमेधने विचारलं, "मॅडम, स्कूटर राहू दे आज. मी सोडू?" मी हो म्हटलं. ह्याआधी मी त्याला कशालाच हो म्हटलेलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

रजा. दिवसभर एक डोळा झाकून घरात फिरले. मार्सेल वाडीत गेलाच नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

काचबिंदू.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सावकाश सांगतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि परत दिसतं. हे तसं नव्हे. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. चोरपावलांनी येतो. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

तपासणीत एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून बसवलं. आत प्रकाशाचे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी बरी दाबली. डाव्याच्या वेळी ठिपकेच येईनात. मी म्हटलं, "अहो, मशीन बंद पडलं." मशीनवरची मुलगी म्हणाली, "चालू आहे, मॅडम."

मी विचारलं, "परत येईल किती?" "गेलेलं येत नाही. उरलेलं सांभाळायचं. डावा फार गेलाय. उजव्यालाही सुरुवात आहे, पण थोडी. रोज थेंब घातले, वेळेवर तपासलं, तर हा डोळा तुम्हाला जन्मभर पुरेल." स्कूटर बंद. मग त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला?" मी नाही म्हणणार होते. मार्सेल म्हणाला, "हिच्या आईला."

रिक्षात तो माझ्या डाव्या बाजूला बसला. मी वळून बघितलं तेव्हा कळलं की तो रडतोय.

१९ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. चांगला माणूस आहे, खुर्चीवरून उठून पाण्याचा ग्लास स्वतः दिला. मग म्हणाले, "तुम्ही थिअरी घ्या, मॅडम. तो थ्री-डी प्रकार सुमेध बघेल. नाहीतरी त्यात डोळ्यांचंच काम."

ह्याचंच मला भय होतं, आणि ते बोलून दाखवायची माझीच हिंमत नव्हती. ज्या बाईला खोली कळत नाही, कप कुठे संपतो आणि टेबल कुठे सुरू होतं ते कळत नाही, तिने खोली शिकवायची? मी म्हटलं, "सर, आठवडाभर द्या. नाही जमलं तर मीच येऊन सांगेन."

बाहेर सुमेध उभा होता. मी विचारलं, "तुम्हाला हवाय का हा कोर्स? सरळ सांगा."

तो गोंधळला. "मला? नाही, मॅडम. मी नुसता उभा राहायचो."

"कुठे उभे राहायचात?"

"तुमच्या डाव्या बाजूला. तुम्ही एकदा दाराला धडकलात, मग परत. ॲल्रॉयच्या बॅगेवर पाय पडणार होता. मग मी तिकडेच थांबायला लागलो."

"बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही कोणाला कळू द्यायचं नाही म्हणून... आणि तुम्ही रागावता, मॅडम."

रागावते खरी. पंधरा डिसेंबरचं पान आत्ता उघडून वाचलं. फाडणार होते. राहू दे.

२५ जानेवारी, रविवार

मिस्सेहून आल्यावर पडवीत लॅपटॉप घेऊन बसले. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. डाव्यातलं असेल नसेल ते सगळं बाद करून फक्त उजव्याने काय होतं ते बघायचं होतं. पपेन उघडलं. स्थिर चित्र, अगदी सपाट. खाच म्हणजे खरंच काळी रेघ. फिरवलं आणि खाच उघडली. थांबवलं, परत सपाट. फिरवलं, उघडली.

एस्थरला फोन लावला, म्हटलं, तुझ्याकडे फाइल पाठवते, दोन डोळ्यांनी बघ आणि सांग. ती म्हणाली, "मम्मी, थांबलं की सपाट दिसतं. फिरलं की कळतं."

मी तिला तीनदा विचारलं. तीनदा तेच.

असं कसं माझ्या लक्षात आलं नाही? पडदा सपाट असतो! त्यावर दोन डोळेवाल्यालाही खोली दिसत नाही. त्या रंगीत चष्म्याची जादू सोडली तर सगळं जग पडद्याकडे एकाच डोळ्याने बघितल्यासारखं बघतं. खोली तिथे नसतेच, आपण फिरवून ती काढतो. उजेड टाकून, लांबचं फिकं करून, मधून काप घेऊन. चहा ओतण्यात मी अर्धी असेन. ह्या कामात मी कोणापेक्षाही अर्धी नाही.

आणि उन्नती पहिल्याच दिवशी हेच सांगत होती. मला ते शिकवायचं सुचलं नाही, कारण मला वाटायचं खोली म्हणजे बघितली की दिसते.

२ फेब्रुवारी, सोमवार

वर्गाला सगळं सांगितलं. कोणी चुकचुकलं नाही. डावीकडच्या रांगेने आपण होऊन बाकं सरकवून मध्ये घेतली. ॲल्रॉय म्हणाला, "मॅडम, म्हणून तुम्ही मला मोबाइल बघताना कधी पकडलं नाही!" सगळे हसले. मीही.

मग म्हटलं, रुमाल काढा, एक डोळा बांधा. पपेनचं स्थिर चित्र दाखवलं. "ह्या दोन हेलिक्सपैकी पुढची कोणती?" निम्म्यांनी लाल सांगितली, निम्म्यांनी पिवळी. "आता रुमाल सोडा. दोन डोळ्यांनी सांगा." पुन्हा निम्मे निम्मे. वर्ग चाट. "आता फिरवा." सगळे एका सुरात, "पिवळी!"

पुढचा सगळा वेळ आम्ही न फिरवता खोली कशी दाखवायची ते बघितलं. सॉफ्टवेअरमध्ये धुकं घालायची सोय आहे, लांबचे भाग फिके होतात. मी म्हटलं, "सकाळी वाडीत बघा, जवळची केळ हिरवी आणि बांधावरची पांढुरकी." उन्नती उठून म्हणाली, "रांगोळीत पन असंच, मॅडम. नाकाची एक बाजू गडद केली की नाक वर येतं. नाहीतर चेहरा भाकरीसारखा." तिच्या गावात घराघरात रांगोळी काढणारे. तिला पुढे बोलावलं. तिने दिव्याची दिशा बदलून खाच अशी काही उघडून दाखवली की सुमेध म्हणाला, "हे बटण मी कधी वापरलंच नव्हतं."

प्राचार्य दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही, दार डावीकडे आहे. नंतर म्हणाले, "आठवडा कधीच होऊन गेला, मॅडम. तुम्ही आला नाहीत सांगायला."

११ फेब्रुवारी, बुधवार

वाईट दिवस. थेंबांनी डोळे चुरचुरतात. कर्सर हरवतो, शोधेपर्यंत वाक्य हरवतं. ॲल्रॉय मदत करायला गेला तर त्याच्यावर खेकसले. नंतर माफी मागितली. वाटलं, सोडून द्यावं, कोण विचारणार आहे.

सुमेधने कर्सर मोठा आणि पिवळाधमक करून दिला. बदकाच्या चोचीसारखा दिसतो. पण सापडतो. त्याला म्हटलं, "तू आधी का नाही केलंस?" म्हणाला, "बालवाडी वाटली असती, मॅडम." पहिल्यांदाच 'तू' म्हटलं मी त्याला. त्याने लक्षात न आल्यासारखं केलं.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

मायकल महिनाभर डोळे तपासून घ्यायचं टाळत होता. "मला सगळं स्वच्छ दिसतं." अरे, मलाही दिसत होतं! आज, उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमधून निघताना त्याचा दंड धरला, कपाळावरच्या राखेसकट रिक्षात घातला आणि दवाखान्यात नेला. रांगेत बसून सगळा वेळ कुरकुरत होता, उपास आहे, डोकं दुखतं.

दोन्ही डोळ्यांत दाब. पण नस अजून बरीच शाबूत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." बाहेर येऊन तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "आईला आपण म्हातारी समजत होतो, रोझ." मी त्याच्या शेजारी बसले.

आता चुलत भावंडांकडे मोर्चा. एकालाही सोडणार नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक प्रथिन निवडून त्याची रचना समजावायची आहे. ॲल्रॉयने रेशीम घेतलं, अश्लेषाने इन्शुलिन. उन्नतीचं अजून नाही. तीनदा विचारलं, "बघतेय, मॅडम." अभ्यास सोडून भलतंच विचारत बसते. आज म्हणे, "डॉक्टरांनी तुम्हाला काचबिंदूचा कुठला प्रकार सांगितला? तुमच्या आईला केव्हापासून होता?" मी म्हटलं, "माझं राहू दे, तुझ्या प्रथिनाचं काय?" इतकी चांगली मुलगी, नेमकी शेवटी ढिली पडली. सुमेधला म्हटलं, जरा दामटव तिला. तो म्हणाला, "करेल ती." ह्याचं तिला पाठीशी घालणं काही मला आवडलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

कोर्स राहिला. आधी हे लिहून टाकते. परीक्षक बाई मुंबईच्या होत्या, कडक. शेरा पाकिटात गेला, पण जाताना प्राचार्यांना माझ्यासमोर म्हणाल्या, "मुलं पाठ करून आलेली नाहीत. बघून आली आहेत. हा वर्ग बंद करू नका." प्राचार्यांनी लगेच सांगितलं, पुढच्या वर्षी दोन तुकड्या, मी आणि सुमेध.

आता उन्नतीचं.

तिचा नंबर आला तेव्हाही मला तिचा विषय माहीत नव्हता. तिने पडद्यावर एक प्रथिन उघडलं. पाच पाती, एकमेकांना खेटून गोल बसलेली, भिरभिऱ्यासारखी. म्हणाली, "ह्याचं नाव मायोसिलिन. डोळ्यातलं पानी जिथून झिरपून बाहेर जातं, तिथल्या पेशी हे बनवतात. हा त्याचा एक भाग. काही जणांत ह्यातलं एखादं अमिनो आम्ल बदललेलं असतं. मग ह्या पात्यांची घडी नीट बसत नाही. प्रथिन बाहेर न पडता पेशीतच साठतं, पेशी मरतात, पानी तुंबतं, दाब वाढतो. त्याला काचबिंदू म्हणतात."

मी पेन खाली ठेवलं.

"काचबिंदूच्या सगळ्या पेशंटना हे नसतं," ती पुढे म्हणाली. "थोड्यांनाच असतं. बाकीच्यांना का होतो ते अजून सगळं कळलेलं नाही." मग तिने एक अमिनो आम्ल लाल केलं, धुकं घातलं, दिवा तिरका केला आणि ती जागा दोन पात्यांच्या मध्ये किती आत आहे ते दाखवलं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "हेच का निवडलंस?"

उन्नतीने माझ्याकडे बघितलं नाही. "मला ते बघायचं होतं, मॅडम."

"मधल्या पोकळीत काय आहे?"

तिने माऊस उचलून माझ्यापुढे ठेवला. "रोझलिन मॅडम, तुम्ही फिरवता?"

परीक्षेत असं चालत नाही. पण बाईंनी चालू दिलं. सुमेध कोपऱ्यात उभा होता, ह्या वेळी खूप लांब. तो पिवळा कर्सर मी पकडला आणि फिरवायला लागले. पाती एकामागून एक समोरून गेली. समोरून भिरभिरं, बाजूने चपटी डबी, आणि पुन्हा वळवलं तसं मधलं भोक सरळ माझ्यासमोर आलं. आत कॅल्शियमचा एक गोळा, हिरवा, पाची पात्यांनी धरून ठेवलेला.

आईच्यात हे बिघडलं होतं का, माझ्यात बिघडलंय का, मायकलच्यात, मला माहीत नाही. कदाचित ह्याचा काही संबंधही नसेल. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. इतकं नेटकं बसवलेलं काही मी क्वचितच बघितलंय.

थोडा जास्त वेळ बघत राहिले असेन, कारण बाई खाकरल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पुढचा विद्यार्थी?"

मी माऊस उन्नतीच्या हातात परत दिला आणि ॲल्रॉयला हाक मारली.